वर्गात फोन एकच, तरी उत्तर प्रत्येकाचं

वर्गात तंत्रज्ञान आणायचं ठरलं की बहुतेक शाळांत पहिली खरेदी टीव्हीची किंवा प्रोजेक्टरची होते. लोकवर्गणी निघते, मुलं व्हिडिओ बघतात आणि पाठ झाला असं आपण टाचणात लिहून मोकळे होतो. टीव्ही असणं चांगलंच आहे, आमच्याही शाळेत आहे. पण सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवताना माझं एक मत पक्कं झालं आहे. शिक्षकाकडे एकच फोन असेल, तर तो दाखवण्याआधी विचारण्यासाठी वापरावा.

कारण साधं आहे. "समजलं का?" म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणतो. हात वर करणारी मुलं ठरलेली चार-पाच असतात. बाकीच्यांच्या डोक्यात काय चाललंय हे घटक चाचणीत कळतं, आणि तोवर पुढचे दोन पाठ होऊन गेलेले असतात. प्रत्येक मुलाचं उत्तर त्याच तासाला, त्याच मिनिटाला हातात आलं तर शिकवणं बदलता येतं. माझी शाळा अकोले तालुक्यातल्या डोंगराळ भागात, जिल्हा परिषदेची. मुलांकडे फोन नाहीत आणि नेटचा भरवसा नाही. तिथे चालेल अशीच पद्धत इथे सांगते आहे.

कार्डं कशी करायची

प्लिकर्स नावाचं एक ॲप आहे. त्यात मुलांच्या हातात फक्त छापील कार्ड असतं आणि फोन शिक्षकाकडे. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनी ठोकळ्यांचं वेगळं चित्र असतं आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी छापलेलं असतं. ज्या पर्यायाचं अक्षर वरच्या बाजूला, ते त्या मुलाचं उत्तर. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून हळू फिरवला की कोणत्या मुलाने काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. प्रत्येकाचं चित्र वेगळं आणि अक्षर बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून फिरवता येत नाही. या युक्तीचा खरा फायदा इथेच आहे.

त्यांच्या संकेतस्थळावर खातं काढा, वर्ग तयार करा, मुलांची नावं भरा. प्रत्येक मुलाला एक कार्ड क्रमांक मिळतो. तो हजेरी क्रमांकच ठेवा, म्हणजे कार्डं वाटताना गोंधळ होत नाही. पूर्ण नाव आणि फोटो टाकायची गरज नाही. पहिलं नाव किंवा नुसता क्रमांक पुरतो. मुलांची माहिती परक्या संकेतस्थळावर जितकी कमी जाईल तितकं बरं, आणि पालकसभेत एकदा कार्डं दाखवून हे काय आहे ते सांगून टाकावं. प्रश्न मराठीत लिहिता येतात, चित्रही जोडता येतं.

कार्डांची पीडीएफ फुकट मिळते. ४० कार्डांचा संच आमच्यासारख्या पटाला भरपूर होतो. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्या प्रती काढल्या तरी चालतात. लॅमिनेशन मात्र करू नका. चकचकीत प्लास्टिकवर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला चित्र वाचता येत नाही. मी कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांवर खळीने चिकटवली आहेत, ती छान टिकली आहेत. कडेची पांढरी पट्टी कापू नका, बोटं धरायला तीच जागा आहे. काळ्या भागावर बोट आलं की कार्ड वाचलं जात नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी करून दाखवा.

उजेडाची दिशाही बघावी लागते. मुलांच्या पाठीमागे खिडकी असेल तर कार्डं काळवंडतात. आपण खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की मुलांच्या कार्डांवर नीट उजेड पडतो. फोनचे नोटिफिकेशन तासापुरते बंद ठेवा.

नेट गेलं तर? अडून काही राहत नाही. फळ्यावर पर्याय १ ते ४ लिहायचे, मुलांनी डोळे मिटायचे आणि छातीशी बोटं धरायची. तीस मुलांचा अंदाज एका नजरेत येतो. नोंद राहत नाही एवढंच. मोबाइलला रेंज नसलेल्या शाळांनी सरळ इथूनच सुरुवात करावी.

सगळा जीव प्रश्नात आहे

कार्डांचं काम एका दुपारचं. प्रश्न तयार करायला मात्र वेळ लागतो, आणि तिथेच तो द्यावा असं मी कळकळीने सांगेन. स्वाध्यायातला प्रश्न उचलून चार पर्याय जोडले की काही हाती लागत नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलांचा एक खरा विचार असला पाहिजे. मग कोणी कुठला पर्याय धरला यावरून त्याची गाठ कुठे बसली आहे ते कळतं.

सहावीच्या दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घ्या. प्रश्न: सर्वांत मोठी संख्या कोणती? पर्याय: ०.४, ०.६२, ०.१२५, आणि चौथा "मला अजून ठरवता येत नाही".

०.१२५ धरणारं मूल दशांश चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतं: १२५ हे ६२ पेक्षा मोठे, ६२ हे ४ पेक्षा मोठे. लांब ती मोठी. ०.४ धरणाऱ्याचा विचार अगदी उलटा असतो. दशांश हा शतांशापेक्षा मोठा, शतांश सहस्रांशापेक्षा मोठा, एवढं त्याने ऐकून बरोबर लक्षात ठेवलं आहे, आणि त्यावरून त्याने चिन्हापुढे एकच अंक असलेली संख्या नेहमी मोठी असा नियम बनवला आहे. दोघांच्या वहीवर आपण लाल फुलीच मारतो, पण दोघांना द्यायची मदत वेगळी आहे. पहिल्याला स्थानिक किमतीचा तक्ता लागतो आणि ०.४ म्हणजेच ०.४०० हे त्याच्या हातून लिहून घ्यावं लागतं. दुसऱ्याला शंभर चौकोनांचा कागद द्यावा. त्यात चार उभ्या पट्ट्या आणि बासष्ट चौकोन रंगवले की ते स्वतःच बघतं. शिवाय "शून्य पॉइंट एकशे पंचवीस" असं वाचायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे आणि ती पहिल्या चुकीला खतपाणी घालते. "शून्य दशांश चिन्ह एक, दोन, पाच" असं वाचायला लावलं की बराच फरक पडतो.

"ठरवता येत नाही" हा पर्याय ठेवाच. घाबरणाऱ्या मुलाला खोटं उत्तर द्यायची सक्ती राहत नाही, आणि आपल्याला खरी संख्या कळते.

चुकीचे पर्याय सुचत नसतील तर मुलांच्या वह्या काढा. त्याहून चांगला साठा नाही. वही तपासताना एखादी चूक तीन-चार मुलांनी केलेली दिसली की ती डायरीत टिपून ठेवा, तोच पुढच्या वर्षीचा पर्याय. रुपये-पैशांची अशीच एक चूक हमखास सापडते: ३.५ रुपये म्हणजे ३ रुपये ५ पैसे.

तासाला नेमकं काय करायचं

इथे नवीन यंत्र संपतं आणि नवीन पद्धत सुरू होते. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रुळवली. तिला पिअर इन्स्ट्रक्शन, म्हणजे मुलांनीच एकमेकांना समजावणं, म्हणतात. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत होते, पण बलाविषयीचे अगदी साधे, आकडे नसलेले प्रश्न विचारले तेव्हा अडखळले. एका विद्यार्थिनीने तर त्यांना विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी लिहू, की मी एरवी विचार करते तशी? हा प्रश्न आपल्या आठवीतलं कुठलंही मूल विचारू शकेल. फरक इतकाच की आपली मुलं तो बोलून दाखवत नाहीत.

पद्धत अशी. प्रश्न फळ्यावर लिहा किंवा टीव्हीवर दाखवा. दोन मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने स्वतः विचार करायचा. मग कार्डं वर, पहिलं मतदान. निकाल फक्त तुम्ही बघा. बरोबर उत्तर सांगू नका, कोणत्या पर्यायाला किती मतं पडली तेही सांगू नका, नाहीतर मुलं गर्दीच्या बाजूला सरकतात. टीव्ही जोडला असेल तर आलेख दिसणार नाही याची काळजी घ्या.

आता आकडा बघा. माझुर यांचा ठोकताळा असा आहे की ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर चर्चेला सर्वांत जास्त फळ येतं. २८ च्या वर्गात म्हणजे साधारण ९ ते १९ मुलं. त्याहून कमी असतील तर चर्चा म्हणजे चुकीचीच देवाणघेवाण होते. मग थांबा आणि तो भाग वेगळ्या साहित्याने पुन्हा शिकवा. त्याहून जास्त असतील तर एका मुलाकडून कारण वदवून घ्या आणि पुढे चला.

मधल्या टप्प्यात असाल तर सांगा: "तुझ्यापेक्षा वेगळं उत्तर असलेला शोध आणि त्याला तुझं पटवून दे." तीन-चार मिनिटं द्या. वर्ग गजबजतो, शेजारच्या वर्गातले सर डोकावतात, डोकावू द्या. या वेळात आपण बोलायचं नाही, फिरायचं आणि ऐकायचं. मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत भांडू द्या. आमच्याकडे ठाकर आणि महादेव कोळी समाजाची मुलं आहेत. ती पुस्तकी मराठीत दोन वाक्यांवर थांबतात आणि आपल्या बोलीत कारणं देताना थकत नाहीत. ज्याला गोष्ट कालच समजली आहे त्याला ती कुठे अडते हे अजून आठवत असतं. आपल्याला ते विसरून वर्षं झालेली असतात. म्हणून मुलाचं समजावणं पुष्कळदा आपल्यापेक्षा नेमकं असतं.

मग त्याच प्रश्नावर दुसरं मतदान. त्यानंतरच उत्तर उघड करा, आणि उत्तराआधी दोन्ही बाजूंची कारणं मोठ्याने मांडून घ्या. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. ३५ मिनिटांच्या तासात असा एक प्रश्न पुरे, फार तर दोन. रोज प्रत्येक विषयाला केलं तर मुलं कंटाळतील. मी आठवड्यातले निवडक तास ठरवते, नवीन कल्पना सुरू होते तिथले.

या उत्तरांना गुण देऊ नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. गुण दिले की मुलं खरं उत्तर लपवतात आणि हुशार मुलाच्या कार्डाकडे माना वळतात. ॲपमधला उत्तरांचा अहवाल मात्र जपून ठेवा. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी लिहिताना "गणितात रस घेतो" अशी सर्वांना सारखी वाक्यं लिहिण्यापेक्षा "दशांश संख्यांची तुलना करताना अंकांची संख्या पाहतो, शंभर चौकोनांच्या मदतीने सुधारणा" असं त्या मुलाचं खरं वाक्य लिहिता येतं. अहवालाचा स्क्रीनशॉट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नका.

प्रयोग आधी, पडदा नंतर

विज्ञानात मतदानानंतर एक पायरी वाढते: करून बघणं. विजेच्या परिपथाचा माझा आवडता प्रश्न असा. एक बॅटरी आणि दोन सारखे बल्ब एकापुढे एक, एकसर जोडणीत. कोणता बल्ब जास्त उजळेल? धन टोकाजवळचा, ऋण टोकाजवळचा, दोन्ही सारखे, की दुसरा पेटणारच नाही? पुष्कळ मुलांना वाटतं की पहिला बल्ब वीज "खातो" आणि दुसऱ्याला उरलेली मिळते. पाटाचं पाणी वरच्या शेताने घेतलं की खालच्याला कमी, हा त्यांचा रोजचा अनुभव आहे, म्हणून ते उत्तर येतं. त्या विचाराचा मान राखून तो तपासायला लावायचा.

आता टॉर्चचे बल्ब, सेल आणि वायर घेऊन गटात जोडणी. इथे एक अडचण येते आणि ती आधी माहीत हवी. बाजारातले दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात. कधी एक खरंच जास्त उजळतो, आणि तो पहिला असेल तर मुलांची चुकीची समजूत प्रयोगानेच पक्की होते. उपाय सोपा आहे: दोन्ही बल्बांच्या जागांची अदलाबदल करा. तेजस्वी बल्ब दुसऱ्या जागी जाऊनही तेजस्वीच राहिला, तर फरक बल्बात आहे, जागेत नाही. ही अदलाबदल मुलांनाच सुचली तर त्या दिवशी विज्ञान शिकवून झालं असं खुशाल समजा. सुचेपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

टीव्ही त्यानंतर लावा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाने 'फेट' नावाची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, तयार केली आहेत. हा उपक्रम कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. वीमन हे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. सगळं फुकट आहे आणि त्यातलं बरंचसं मराठीत आहे. नव्या एचटीएमएल प्रकारातली सिम्युलेशन्स एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात आणि नंतर नेटशिवाय चालतात. तालुक्याला गेल्यावर लॅपटॉपवर उतरवून ठेवा, पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवा. परिपथ जोडणीच्या सिम्युलेशनमध्ये बल्ब तंतोतंत सारखे असतात आणि तारेतून वाहणारे कण दिसतात. दोन बल्बांच्या अलीकडे, मध्ये आणि पलीकडे ॲमीटर, म्हणजे विजेचा प्रवाह मोजणारं साधन, लावून बघायला सांगा. तिन्ही ठिकाणी आकडा एकच. प्रवाह खर्च होत नाही हे प्रत्यक्ष बल्बाने दाखवणं कठीण, पडद्यावर ते सोपं. पण हात काळे करून झालेले असतील तरच मुलं त्या पडद्यावर विश्वास ठेवतात, म्हणून क्रम उलटा करू नका. माउस मुलांच्या हातात द्या, आपल्या हातात ठेवू नका.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल थोडक्यात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचं काम केलं. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. एका खेड्यातल्या शाळेतून सुरू झालेल्या कामाची दखल जगाने घेतली, याचा मला फार अभिमान वाटतो. बालभारतीच्या पुस्तकांतले कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने उघडतात आणि साहित्य आधी उतरवूनही ठेवता येतं. व्हिडिओ लावताना एकच करा: पहिल्यांदा आवाज बंद ठेवून लावा आणि निकाल दिसायच्या अगदी आधी थांबवा. "पुढे काय होईल?" विचारा, कार्डं वर घ्या, मग पुढे चालू करा. तीन मिनिटांचा व्हिडिओ पंधरा मिनिटं चालतो, तेवढा चालू द्यावा.

कुठून सुरुवात करावी

पहिला प्रश्न अभ्यासाचा नको. "खिचडीबरोबर काय आवडतं?" असा विचारा, म्हणजे कार्ड धरायचा सराव होतो आणि चूक-बरोबरची भीती नसते. तेही दोन वेळा पुरे.

मग एकच पाठ निवडा आणि त्याचे तीन प्रश्न करा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतले शिक्षक एकत्र येतात त्या बैठकीत, ते दुसऱ्या शिक्षकांसमोर ठेवा. एका शिक्षकाला न दिसलेला चुकीचा पर्याय दुसऱ्याच्या वर्गात रोज ऐकू येत असतो. चार शाळांनी मिळून एका विषयाचे प्रश्न वाटून घेतले तर वर्षात चांगली प्रश्नपेढी तयार होते, आणि बदली झाली तरी ती मागे उरते.

परिषदेत नेण्यासाठी हा एक तयार प्रश्न घ्या: अमावास्येला चंद्र का दिसत नाही? पृथ्वीची सावली त्यावर पडते म्हणून. चंद्राचा उजळलेला अर्धा भाग आपल्या विरुद्ध बाजूला असतो म्हणून. चंद्र सूर्याच्या पलीकडे जातो म्हणून. ठरवता येत नाही. आधी शिक्षकांचंच मतदान घ्या. सावलीच्या पर्यायाला बरीच मतं पडतील, कारण ग्रहणाचं चित्र डोक्यात घट्ट बसलेलं असतं. मग खोली अंधारी करून मध्ये एक बल्ब लावा आणि प्रत्येकाला काडीवर खोचलेला पांढरा चेंडू द्या. चेंडू हात लांब करून डोक्याहून थोडा वर धरायचा आणि स्वतःभोवती हळू फिरायचं. बल्बाकडे तोंड असताना चेंडूची काळी बाजू दिसते, पाठ केल्यावर पूर्ण उजळलेली, आणि आपली सावली यात कुठेच आलेली नसते. त्यानंतर दुसरं मतदान घ्या.